वस्तू राहिल्या, वास्तू गेली

(हीरक महोत्सवाच्या समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पेशाने शिक्षक. पुराणवस्तूंचे तज्ज्ञ आम्ही नव्हे. परंतु गेली वीस-बावीस वर्षे शाळेतील मुलांना घेऊन या हैदराबाद शहरातील जुन्या वास्तू दाखवीत हिंडण्याचा योग आम्हांस आला. मुले जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे शोधताना जे थोडेबहुत कळले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

सालारजंग संग्रहालयात मुलांना नेले म्हणजे आमचा क्रम ठरलेला असतो. बारा वाजायच्या आत त्या प्रसिद्ध घड्याळापुढे जागा धरावयाची. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीकडून आलेले हे घड्याळ. त्यात एक लोहार सेकंदासेकंदाला घण घालीत असतो, आणि तास भरण्याच्या सुमारास दुसरा बाहुला आतून बाहेर येऊन टोले देतो व परत जातो. त्यानंतर बुरख्यातील रेबेका. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने संगमरवराचाच असा पातळ पदर काढला आहे की मुलांना तो बोटाने उचलून पाहावासा वाटतो. पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोम येथे ती मूर्ती विकत घेतली.

एकदा बाराचे टोले संपल्यावर सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हे सगळे नबाबसाहेबांचेच ना? मग ते झोपत कुठे होते? त्यांचे स्वयंपाकघर कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "अरे, हे त्यांचे घर नव्हे."

"मग घर कुठे आहे?"

तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर दिवाणदेवडी आहे. मुलांना तेथे नेले. दुकाने, हातगाड्या, माणसांची रेटारेटी आणि त्या साऱ्यात उभा असलेला जुना दरवाजा. मुलाने दरवाजाकडे पाहिले, दुकानांकडे पाहिले आणि विचारले, "एवढेच?" पंचवीस मुले बाजारातून सुखरूप परत न्यायची होती, त्या सबबीवर आम्ही उत्तर टाळले. ते आज देतो.

तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, २ मार्च १९४९ रोजी वारले. त्यांचे लग्न झालेले नव्हते. मागे राहिला तो तीन पिढ्यांनी जमविलेला अफाट संग्रह. तो पांगून जाऊ नये म्हणून पुढे प्रयत्न झाले आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले, ते दिवाणदेवडीतच. म्हणजे पाहणारा माणूस प्रत्यक्ष नबाबसाहेबांच्या घरात शिरत होता. चिनी मातीच्या भांड्यांचा चिनीखाना, आरशांचा आईनाखाना, लाकडी कामाचा लक्कडकोट, ही त्या देवडीच्या भागांची नावे. ती नुसती ऐकली तरी घर डोळ्यांपुढे उभे राहते. १९६१ साली संसदेने कायदा करून या संग्रहालयास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. १९६८ साली सर्व वस्तू मुसी नदीच्या काठी बांधलेल्या नव्या इमारतीत गेल्या.

ज्यांनी हे केले त्यांना आम्ही दोष देत नाही. चाळीस हजारांवर वस्तू, रोजची गर्दी, आगीचे भय, चोरीचे भय. जुन्या देवडीत हे सारे सांभाळणे सोपे नव्हते. वस्तूंच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. परंतु वस्तू निघून गेल्यावर त्या घराकडे पाहण्याचे कोणास कारण उरले नाही. जेथे जाण्याचे कारण उरत नाही ते घर फार दिवस टिकत नाही. दिवाणदेवडी पाडली गेली. कप वाचला, परंतु ज्या दालनात बसून त्यातून चहा प्यायला गेला ते दालन गेले, आणि ते कोणत्याही कपाटात मांडून दाखविता येत नाही.

याच्या उलट चौमहल्ला राजवाडा पाहा. निजाम घराण्याचा हा वाडा दीर्घकाळ ओस पडला होता. राजकन्या एसरा यांच्या पुढाकाराने त्याची डागडुजी होऊन २००५ साली तो लोकांसाठी उघडला, आणि २०१० साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. तेथे खिलवतीच्या दरबारात झुंबरे टांगली आहेत, खाली संगमरवरी तख्ताची बैठक आहे, बाहेर हौद आहे. तेथे कोणताही मुलगा 'घर कुठे आहे' असे विचारीत नाही, कारण तो घरातच उभा असतो. असे काम सर्वांना परवडणारे नाही, हेही खरे. परंतु चौमहल्ल्याचा धडा पैशाचा नसून जागेचा आहे. वास्तू हीच पहिली पाहण्याजोगी वस्तू.

म्हणून प्रत्येक जुन्या वास्तूस तिकीटखिडकी लावावी, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मुहम्मद कुली कुतुबशहाच्या काळातील बादशाही आशूरखाना घ्या. त्याच्या भिंतींवरील रंगीत फरशीकाम पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु दर मोहरमला तेथे अलम उभे राहतात, मजलिस होते. त्याचे संग्रहालय करणे म्हणजे चालत्या माणसास चौकटीत बसविणे होय. कोठीची जुनी रेसिडेन्सी १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय झाली. ज्या इमारतीवर १८५७ साली तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन चालून गेले, तिच्या भव्य खांबांमधून पुढे मुली पुस्तके घेऊन वर्गात जात. इमारत झिजली, तिची मोठी दुरुस्ती करावी लागली. परंतु मुलींचा वावर नसता तर ती दुरुस्तीपुरतीही उरली असती की नाही, याची आम्हांस शंका आहे.

दुरुस्तीचा विषय निघाला म्हणून मराठवाड्याकडे वळतो. आमचे घराणे तिकडचेच, नांदेडकडचे, आणि येथे बसलेल्या पुष्कळांचे असेच असेल. १९५६ पर्यंत अजिंठा हैदराबाद संस्थानात किंवा राज्यात होता. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली निघाले. गुलाम यझदानी हे त्याचे पहिले प्रमुख. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन जाणकार बोलावून अजिंठ्याच्या चित्रांची निगा करविली गेली. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, हे मोठेच काम. परंतु चित्रांवर जो लाखेचा रोगणी थर दिला गेला तो पुढे पिवळा पडला, आणि नंतरच्या पिढीतील रसायनज्ञांना तो काढीत बसावे लागले. हेतू उत्तम, पैसा भरपूर, माणसे जाणती. तरीही असे झाले. मग आपण जुन्या सागवानी खांबांवर चकचकीत ऑइलपेंट फासतो आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो तेव्हा काय होत असेल? चुन्याची भिंत श्वास घेते. सिमेंटखाली ओल कोंडते, क्षार फुलतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे निघतात. मग सगळे म्हणतात, "भिंत जुनी झाली, पाडा."

पाडणे या शहरास नवे नाही. चारमिनाराजवळची मालवाला देवडी, लाकडी नक्षीसाठी नावाजलेली, २००० सालच्या सुमारास गेली. एर्रम मंझिल मात्र वाचली. तिच्या जागी विधानभवन बांधण्याचा बेत २०१९ साली ठरला होता. लोक न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

आता, मंडळी, रागावू नका. आम्ही आपल्याच अंगणात येतो.

या सभागृहामागे न्यासाचा जुना वाडा उभा आहे. हीरक महोत्सवानिमित्त तेथे नवी इमारत बांधण्याचा आपला संकल्प पत्रिकेत वाचला. त्यास विरोध करण्यासाठी आम्ही उभे नाही. गावाकडून शिकावयास येणाऱ्या मुलांना खोल्या हव्यात, स्वच्छ न्हाणीघरे हवीत. हे आम्हांस इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे, कारण पदवीची तीन वर्षे आम्ही त्याच वाड्यात काढली. वसतिगृहातील एकटेच मुसलमान विद्यार्थी आम्ही होतो. प्रवेश देताना कोणी वेगळा प्रश्न विचारला नाही. रमजान आला तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी चौकशी केली. पहाटे अन्न लागते असे कळल्यावर चुलीशेजारच्या कोनाड्यात भाकरी आणि पिठले झाकून ठेवू लागल्या. पहिल्या दिवशी आम्ही संकोचाने तसेच झोपून राहिलो, तर दुपारी म्हणाल्या, "न खाता उपास धरतोस होय रे? उद्या मी उठवायला येणार." आणि तीन वर्षे, रमजानभर, त्या उठवीत आल्या.

वाड्याला शिल्पकला अशी काही नाही. कोणी नामवंत तेथे जन्मला नाही. सरकारी यादीत त्याचे नाव येणार नाही, आणि त्याला वाचविण्यासाठी कोणी न्यायालयातही जाणार नाही. परंतु तो कोनाडा आहे. दर्शनी खोलीत पहिल्या विश्वस्तांची बैठक आहे. कोठीच्या खोलीत जुन्या वह्या आणि मोडीत लिहिलेले कागद आहेत, त्यांना वाळवी लागण्याची वाट आपण पाहत आहोत.

आमची विनंती लहान आहे. नव्या इमारतीच्या नकाशात दर्शनी खोली आणि स्वयंपाकघर ही दोन दालने जशीच्या तशी ठेवता येतील काय, हे वास्तुशिल्पकारास एकदा विचारावे. ठेवता आली तर तेथेच वह्या, बैठक, भांडी मांडावीत, आणि रोज तास-दोन तास दार उघडे ठेवावे. नाहीच जमले, तर पाडण्यापूर्वी वाड्याचे मोजमाप घ्यावे, प्रत्येक खोलीचे छायाचित्र घ्यावे, कोणती वस्तू कोठे होती याची नोंद ठेवावी. दिवाणदेवडीच्या बाबतीत आमच्याकडून त्या मुलास दाखविण्यासारखा एक नकाशाही निघाला नाही.

खर्चाचा भार न्यासावर पडू नये म्हणून सुरुवात आम्हीच करतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता नववी-दहावीची काही मुले घेऊन आम्ही मागच्या वाड्यापाशी येणार आहोत. मोजपट्टी, कागद, पेन्सिली आमच्या असतील. कोठीच्या खोलीची किल्ली कार्यवाहांकडे असते असे समजले. ती त्यांनी कृपा करून सोबत आणावी.