शेवटच्या बाकापर्यंत आवाज
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या सभागृहाला आपल्या बॅचतर्फे साउंड सिस्टिम, पडदा आणि दिवे द्यायचं घाटतंय. मी हाच धंदा करतो, म्हणून "काय घ्यायचं ते तूच सांग" असा संयोजकांचा हुकूम झाला. नुसती यादी वाचण्यापेक्षा मी नागपुरातल्याच एका जुन्या चर्चचं काम कसं केलं, ते सांगतो. आपलं सभागृह त्याचंच धाकटं भावंड आहे.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. त्या शतकात इथे जी चर्चेस उभी राहिली, ती माइक नसतानाच्या काळातली. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये कधी गेलात तर वर बघा. उंच छत, जाड भिंती. अशा जागेत आवाज घुमतो, आणि संथ सुरात गाणाऱ्यांना ते घुमणं हवंच असतं. पण आपल्या मराठी मंडळींकडे नारायण वामन टिळकांच्या वेळेपासून भजनी चालीवरची गीतं आहेत. पेटी आहे, तबला आहे. तबल्याचा एक बोल विरायच्या आत दुसरा येतो आणि सगळ्याचा काला होतो. प्रवचनाचंही तेच.

मी गेलो तेव्हा कमिटीची यादी तयार होती. मोठी एलईडी वॉल, फिरणारे रंगीत दिवे, लग्नात असतात तसे चार दणदणीत स्पीकर. हातात रुपये होते साडेचार लाख, तेही थेंबे थेंबे जमलेले. बैठकीत मागे बसलेल्या एक निवृत्त परिचारिका उठल्या आणि म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, पाळकसाहेब काय बोलतात ते मला कळत नाही. मी नुसती बसून घरी जाते." यादी तिथेच बाजूला पडली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये मी टाळ्या वाजवत फिरलो. आठवीत सरांनी शिकवलेलं आठवतं? भिंत १७ मीटरच्या पलीकडे असली की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. तेव्हा ते दोन मार्कांचं होतं राजेहो, आज त्यावर माझं घर चालतं. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला तर घुमणंही वाढतं, कळत काहीच नाही. म्हणून मोठे स्पीकर नकोत. उभे, सडपातळ कॉलम स्पीकर घ्यायचे. ते आवाज छताकडे कमी आणि माणसांकडे जास्त टाकतात. समोर दोन लावले, मध्यावर दोन. मधले पुढच्यांपासून १५ मीटरवर होते. पुढून निघालेला आवाज तिथे पोचायला सेकंदाचे साधारण ४३ हजारांश लागतात, म्हणून मधल्या स्पीकरना तेवढा आणि वर थोडा उशीर द्यायचा. तो उशीर दिला की मागे बसलेल्यालाही आवाज व्यासपीठावरूनच येतोय असं वाटतं.

माइकवर मात्र हात आखडू नका. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वीतभर अंतरावर छान बोलणारा माणूस हातभर मागे सरला की ऑपरेटर आवाज चढवतो आणि शिट्टी वाजते. (आज सकाळपासून तीन वेळा वाजली, मोजली मी.) लिहून आणलेलं वाचणाऱ्याला लवचिक दांड्याचा माइक, फिरून बोलणाऱ्याला कानाला अडकवायचा. तबल्याला वेगळा.

नागपूरची म्हणून एक खास गोष्ट. मे महिन्यात चार कूलर चालू असताना जी सिस्टिम कळते, तीच खरी. डेमो जानेवारीत घेऊ नका! आम्ही दोन कूलर खिडकीबाहेर सरकवले, तेव्हा कुठे आवाज न वाढवता शब्द कळू लागले. तो खर्च फक्त लोखंडी स्टँडचा. अर्थिंग तपासलं आणि वर्षानुवर्षं येणारी घूं-घूं गेली, तेही स्वस्तात. वायरमनला आधी बोलवा, स्पीकरवाल्याला नंतर.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला की निम्मं ऐकू येतं, ओठांवरून. म्हणून दोन बाजूंनी, वरून तिरपे, पिवळसर पांढरे दिवे. रंगीत काही नाही. तरुण मंडळी थोडी हिरमुसली. एलईडी वॉलऐवजी दोन मोठे टीव्ही खांबांना लावले, गीतांचे शब्द एका वेळी चारच ओळी, अक्षर मोठं. आजारी सभासदांना घरून उपासना बघता यावी म्हणून एकच कॅमेरा, पण त्याला आवाज थेट मिक्सरमधून. चित्र हललं तर माणूस चालवून घेतो, आवाज खराब असला की बंद करतो.

बाहेर भोंगा लावलाच नाही. रात्री १० ते सकाळी ६ कायद्याने बंदी आहे, आणि नाताळच्या मध्यरात्रीची उपासना दारं लावून आत छान होते.

काम झाल्यावर त्या बाई मला म्हणाल्या, "पाळकसाहेब विनोदही करतात, हे मला माहीतच नव्हतं."

सगळं साडेचार लाखांत बसलं, वर थोडे उरले. त्यातून कमिटीने दोन मुलांना आणि एका मुलीला मिक्सर शिकवायला लावला. मुलगी सर्वांत तयार निघाली. आपल्यालाही नववीतली तीन मुलं हवीत. शिपाईदादांवर हे काम टाकू नका, त्यांना घंटेपासून कुलपापर्यंत पुरेसं आहे.

तर येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मी टेप घेऊन सभागृहात येतो. दोघे जण मदतीला लागतील. आपल्या बाईंना विनंती आहे, त्यांनीही यावं आणि शेवटच्या बाकावर बसावं. आम्ही पुढून पाढे म्हणू, चुकले की त्यांनी सांगायचं.