जुन्या एमजीबीची काच उतरवताना


आज बोलूया एका देखण्या जुन्या गाडीविषयी.
इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 पासून बनलेली एमजीबी रोडस्टर.

(विराम)

या गाडीची पुढची काच चौकटीसकट निघते.
पण एक गोष्ट मनाशी पक्की धरा.
जोर लावायचा नाही.

आधी बॅटरीची तार सोडवा.
कारण हात डॅशबोर्डमागच्या वायरींमध्ये जाणार आहेत.
मग मधला बारीक उभा दांडा पाहा.
आरसा त्यावरच असतो.
त्याचे खालचे स्क्रू काढा.
आता डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांमागे हात घाला.
प्रत्येक बाजूला दोन बोल्ट लागतील.

(विराम)

खरी अडचण इथेच येते.
चौकटीचे पाय ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी.
दोन धातूंमध्ये ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजतं.
पांढरी भुकटी साचते.
बोल्ट जाम होतो.
म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल द्या.
सकाळी पाना हळूहळू, पुढे-मागे फिरवा.
जोर लावाल, तर बोल्ट तुटेल.

(विराम)

चौकट दोघांनी मिळून धरा.
दोन्ही बाजू एकसारख्या वर उचला.
एकच बाजू आधी वर गेली, तर चौकट पिळते आणि काच तडकू शकते.
पायांशी पातळ पट्ट्या असतील.
कोणती पट्टी कुठली, ते लगेच लिहून ठेवा.
त्यांच्यामुळेच काच पुन्हा नीट बसते.

(विराम)

1980 नंतर ही गाडी बनली नाही.
म्हणून तिचा प्रत्येक मूळ भाग जपायला हवा.
तेव्हा श्रोतेहो, तेल द्या, वेळ द्या.
जोर मात्र लावू नका.