काव्यातला शिपाई

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कॅम्प, बेळगाव येथे केलेले भाषण)



 मी व्यासंगी समीक्षक नव्हे. वर्गात मराठी कविता शिकविणारा एक शिक्षक आहे. आपण कॅम्पातली माणसे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या शेजारी, त्यामुळे फौजेतला माणूस आपल्याला परका नाही. म्हणून कवींनी शिपायाचे जिणे कसे रंगविले, हा विषय मी आज घेतला आहे.

ह्या विषयाकडे मला वळविले ते एका विद्यार्थिनीने. १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर अवघ्या सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि नेसरीच्या खिंडीत कामी आले. त्या प्रसंगावरचे कुसुमाग्रजांचे काव्य मी मोठ्या आवेशाने शिकवीत असे. नेसरी गडहिंग्लज तालुक्यात, म्हणजे आपल्या अंगणातच. एका वर्षी तास संपताना मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, बाकीच्या सहा जणांच्या घरी कुणी कळवलं?" तिचे वडील तेव्हा सीमेवर होते. मला उत्तर देता आले नाही. त्या सहांची नावेदेखील मला धड सांगता आली नाहीत.

घरी येऊन मी विचार करू लागलो. आपल्या कवींनी शिपायाचे घर विसरले काय? तसे म्हणता येणार नाही. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. १६७० सालच्या त्या लढाईआधी तानाजीच्या घरी रायबाच्या लग्नाची गडबड आहे. शाहीर आधी लग्नघर दाखवितो, मग गड. तानाजीने काय मागे ठेवले हे श्रोत्याला ठाऊक असते, म्हणून त्याचे मरण मनाला लागते. कुसुमाग्रजांना घोड्यांच्या दौडीचा एक क्षण पकडावयाचा होता, आणि तो त्यांनी असा पकडला की तो आजही गायिला जातो. दूरच्या लढाईनेही कवी पेटतो. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला, तेव्हा त्यांनी रशिया पाहिलाही नव्हता.

परंतु हे सारे काठावरून पाहणाऱ्यांचे काव्य झाले. जो स्वतः खंदकात उभा राहिला, तो काय लिहितो? पहिल्या महायुद्धातील इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याने विषारी वायूत गुदमरणारा सोबती पाहिला आणि देशासाठी मरणे गोड असते ह्या जुन्या वचनालाच खोटे म्हटले. तो ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंचविसाव्या वर्षी पडला. युद्ध थांबले ११ तारखेला. त्या दिवशी गावात आनंदाच्या घंटा वाजत असतानाच त्याच्या घरी तार पोहोचली. आघाडीवर परतताना त्याने रवींद्रनाथांच्या गीतांजलीतील शब्द उच्चारून आईचा निरोप घेतला होता. ते शब्द त्याच्या टिपणवहीतही सापडले, आणि १९२० साली त्या माउलीने ही हकीकत रवींद्रनाथांना पत्राने कळविली.

आपल्या शिपायांनी कविता छापल्या नाहीत, पण पत्रे धाडली. १९१४-१५ साली फ्रान्समधून येणारी ही पत्रे सेन्सॉर वाचीत असे. म्हणून कोणी हिंदी सैनिकांना काळी मिरी म्हणे, गोऱ्यांना तांबडी मिरची, आणि कोणती किती संपली ते घरी कळवी. भगिनींनो, ही उपमा स्वयंपाकघरातली आहे. ती अलंकार म्हणून आली नाही. खरे सांगण्याला दुसरी वाटच नव्हती.

मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतील सेनियो नदीवरच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूच्या तीन मशिनगनी त्यांनी बंद पाडल्या. पण त्याआधी, गोळीबार चालू असताना, दोन जखमी सोबत्यांना त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप नेले होते. शाहीर मशिनगनीपासून आरंभ करील. मला वाटते, आरंभ पाण्यापासून करावा.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, त्याच इटलीत होते. आम्ही मुले लढाईची गोष्ट मागत असू; ते चिखलाची आणि खेचरांची गोष्ट सांगत. मात्र दर ईदेला नमाजेनंतर दुआ मागताना ते हळूच एक नाव घेत. ते आमच्या नात्यातले नव्हते. कोकणातल्या एका मराठा जवानाचे होते, जो परतला नाही. त्याच्या घरी कुणी कळविले, हे दादांनाही ठाऊक नसावे. कळवावयाचे राहिले म्हणूनच, मला वाटते, ते नाव घेणे त्यांनी कधी चुकविले नाही.

आता प्रतापरावांचे काव्य मी आवेशानेच शिकवितो. तो आवेश मुलांना हवाच. पण नंतर त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहितो आणि ओवेनच्या आईची गोष्ट सांगतो. आपल्या कित्येक मुलांना भरतीला उभे राहावयाचे आहे. त्यांनी दोन्ही ऐकून मग जावे.

विश्वस्तांना एकच विनंती. कॅम्पातल्या घराघरांत अशी पत्रे आणि अशी नावे पडून आहेत. सांगणारी माणसे आहेत तोवर आपल्या मुलांकडून ती लिहून घ्यावीत आणि संस्थेने जपून ठेवावीत. पुढे एखादा कवी येईल, तेव्हा त्याला सातांचीही नावे मिळावीत.