विजेरी, झरा आणि गणित



रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हाती विजेरी असते. अलीकडे विजेऱ्या बहुतेक चार्जिंगच्या झाल्या, पण सुट्या सेलांची जुनी विजेरी अजून कित्येक घरांत खुंटीला आहे. तिचा एक अनुभव पुष्कळांना असेल. बांधावर पोचेपर्यंत उजेड पिवळा पडतो, मग तांबूस होतो. वैतागून आपण ती बंद करतो आणि खिशात टाकतो. तासाभराने सहज बटण दाबावे, तो काय, उजेड परत आलेला! फार वेळ टिकत नाही, पण येतो खरा. सेलात कोणी काही भरले नाही. मग हा उजेड आला कोठून?

याचे उत्तर आपल्या विहिरीत आहे. वैशाखात मोटर लावली की दीड-दोन तासांत फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि मोटर हवा ओढू लागते. आपण बटण बंद करतो. विहीर मेली असे कोणी म्हणत नाही. झऱ्याला वेळ द्यायचा असतो, एवढेच. आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर काढून साडेसातची बसवली, म्हणून झरा काही जास्त वाहत नाही. उलट विहीर लवकर आटते.

विजेच्या घटातही असेच आहे. बटण दाबताच दिवा लागतो, त्याला उशीर नाही. परंतु घटाच्या आत पट्टीपाशी जो रसायनांचा व्यवहार चालतो, त्याला लागणारा माल ओलाव्यातून चालत यावा लागतो, आणि तयार झालेला माल तेथून दूर जावा लागतो. ही चाल भलतीच मंद. वीज ओढत राहिलो की पट्टीजवळचा साठा सरतो. विसावा दिला की दूरचा माल हळूहळू तेथे येऊन पोचतो. पूर्वी मुले विजेरीचे सेल उन्हात ठेवीत. त्यातही थोडे तथ्य होते, कारण उष्णतेने ही चाल वाढते. सरलेला सेल मात्र उन्हाने भरत नाही.

ही चाल मोजण्याची रीत ॲडॉल्फ फिक या जर्मन पंडिताने १८५५ साली सांगितली. गंमत अशी की तो विजेचा माणूस नव्हता, शरीरशास्त्राचा होता. फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने त्याआधी उष्णतेचा नियम मांडला होता: उष्णता तापल्या बाजूकडून थंड बाजूकडे जाते, आणि दोहोंतला फरक जितका मोठा व अंतर जितके कमी, तितकी जोराने जाते. फिक म्हणाला, पाण्यातले मीठही असेच वागते. दाट बाजूकडून विरळ बाजूकडे जाते. एका विषयातला नियम दुसऱ्या विषयात नेऊन लावला आणि तो लागू पडला. गणिती प्रतिरूप म्हणतात ते हेच. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे.

आता आकडे पाहू. द्राक्षबागाईतदारांना मोरचूद ठाऊक आहे. चुना आणि मोरचूद यांचे बोर्डो मिश्रण ते फवारतात. मोरचुदातले तांबे निवांत पाण्यातून एक मिलिमीटर सरकायला साधारण बारा मिनिटे घेते. एक सेंटीमीटरला लागतात सुमारे वीस तास. आणि दहा सेंटीमीटरला? जवळजवळ पावणेतीन महिने! अंतर दहापट झाले की वेळ दहापट नव्हे, शंभरपट होतो. शिक्षक मंडळींनी हे फळ्यावर जरूर लिहावे. वेळ हा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वर्ग शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

विजेची जोड या हिशेबाला हेन्री सँड याने १९०१ साली दिली. मोरचुदाच्या पाण्यात त्याने गंधकाम्ल मिसळले होते. असे केले की वीज वाहून नेण्याचे बहुतेक काम आम्ल करते आणि तांबे फिकच्या चालीनेच पट्टीकडे येते. प्रश्न असा की पट्टीजवळचे तांबे किती वेळात सरेल? सरले की पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे दिसू लागतात. समजा, लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मोरचूद आहे, आणि पट्टीच्या दर चौरस सेंटीमीटरला दहा मिलिअँपिअर प्रवाह सोडला. गणित सांगते, सुमारे वीस सेकंद. प्रवाह दुप्पट केला तर दहा सेकंद असे कोणीही म्हणेल. पण येतात पाचच! म्हणजे दुप्पट घाईने काढायला गेलो तर साठा सरेपर्यंत हाती लागलेला माल निम्माच. मोठी मोटर लावणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारागिराला या हिशेबाची रोज गरज पडते. प्रवाह बेताचा असेल तर मुलामा गुळगुळीत, घट्ट बसतो. झऱ्याच्या मर्यादेपलीकडे ओढला तर थर काळपट आणि भुसभुशीत होतो, बोटाने निघून येतो. (कारखान्यांत तांब्याची पूड मुद्दाम अशीच काढतात, ती गोष्ट वेगळी.) उपाय काय? द्रव ढवळा. वाल्टर नेर्न्स्ट याने १९०४ साली असे धरले की पट्टीला चिकटून न हलणाऱ्या द्रवाचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि फिकची पायपीट तेवढ्यातच करावी लागते. वरच्याच द्रवात तो पापुद्रा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा असला, तर दर चौरस सेंटीमीटरला सात मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह झेपतो. ढवळून तो चौथाई केला की अठ्ठावीस. म्हणून मुलाम्याच्या हौदात पुष्कळ ठिकाणी हवा सोडून द्रव हलता ठेवतात. खरे पाहता या पापुद्र्याला अशी सरळ कड नसते. ती हिशेबाच्या सोयीसाठी मानलेली आहे. पण हिशेब कामापुरता बरोबर येतो, आणि कारागिराला तेवढे पुरते.

आज हेच गणित आपल्या खिशात आहे. मोबाइलच्या लिथियम घटाचे असे प्रतिरूप डॉयल, फुलर आणि न्यूमन यांनी १९९३ साली मांडले. चार्जिंग करताना लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरते. घाईने रेटले तर त्याला आत शिरायला सवड मिळत नाही, ते वरच धातू होऊन साचते. घट लवकर निकामी होतो, आणि आत दोन बाजू जोडल्या गेल्या तर पेटही घेऊ शकतो. मोबाइल आधी झपाट्याने भरतो आणि शेवटी रेंगाळतो, तो चार्जरचा आळस नव्हे. विजेवरच्या स्कूटरचेही तेच.

शाळेत करण्याजोगा प्रयोग सांगतो. काचेच्या उंच बरणीत पाणी भरून ते निवू द्यावे. मोरचुदाचे चार-पाच खडे नळीतून अलगद तळाशी सोडावे, आणि बरणी उन्हापासून व मुलांच्या धक्क्यापासून दूर, कपाटात ठेवावी. मोरचूद विषारी आहे, तेव्हा बरणीवर चिठ्ठी लावावी, हात धुवावे आणि ती बरणी पुन्हा खाण्यापिण्याला घेऊ नये. निळी रेघ कोठवर आली ते रोज त्याच वेळी कागदाच्या पट्टीवर टिपावे. पहिल्या दोन दिवसांत मुलांना मोठा उत्साह असेल, आठवड्याने ती कंटाळतील. दिवाळीच्या सुट्टीआधी मांडलेली बरणी नाताळात उघडून पाहा. वरचे पाणी अजून फिकेच असेल.