सायकलीने वऱ्हाड पाहू या
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीचा भाव आहे, कर्ज आहे, वीज आहे. त्या यादीत 'सायकल' हा विषय वाचून काही जणांनी विचारले, संघटनेला आता सहली काढायचे सुचायला लागले काय? प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर आधी देऊ.

आपले दौरे आता जीपने होतात. जीप हमरस्त्याने जाते, तालुक्याच्या गावी थांबते, सभा आटोपली की परत फिरते. हमरस्ता सोडून आत पाच-सात किलोमीटरवर जी गावे आहेत, तिथे आपले पत्रक पोचते, माणूस पोचत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, वेचणी संपल्यावर आणि उन्हाळवाहीला हात लावण्याआधी, प्रत्येक तालुक्यातल्या दहा-दहा तरुणांनी आडरस्त्यांनी सायकलीवर निघावे. पाच दिवसांची एक वाट आम्ही आखली आहे. बाळापूरहून निघायचे, पूर्णा ओलांडून तेल्हाऱ्याला जायचे, तिथून अडगाव, अकोट, नरनाळा, अंजनगाव सुर्जी, अचलपूर आणि शेवटी गाविलगड. सगळे मिळून दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर.

फ्रान्स देशात ल्वार नावाची नदी आहे. तिच्या काठी राजेरजवाड्यांचे किल्ले आहेत, महाल आहेत. त्या खोऱ्यातून त्यांनी सायकलवाल्यांसाठी सुमारे 900 किलोमीटरची वाट आखली, जागोजागी पाट्या लावल्या. बहुतेक वाट लहान, कमी रहदारीच्या रस्त्यांवरून जाते. माणसे तिथे दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जातात, खेड्यात मुक्काम करतात, तिथलेच जेवतात आणि त्याचे पैसे मोजतात. आपल्याकडे किल्ले आहेत, जुनी गावे आहेत, आडरस्तेही आहेत. नाही ती फक्त पाटी. आणि पाटी लावावी इतकी आपल्या मुलखाची किंमत आपल्यालाच वाटत नाही.

आता वाट पाहू. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम सुरू केले आणि 1757 साली अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने ते पुरे केले. गावाजवळ मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. तिथून उत्तरेला निघालो की खारपाण पट्टा लागतो. जमीन काळी, खोल, दिसायला नंबर एक. पण पोटात क्षार. विहीर खोदली तर पाणी खारे, ते वावराला दिले तर जमीन बिघडते. विहिरीचा आधार नाही म्हणून इथली शेती आकाशाकडे पाहून करायची. सायकलवरून उतरून एक ढेकूळ हातात घ्या. जी माती पावसाळ्यात गुडघाभर चिखल होते, तीच उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणूनच नुसता मुरूम टाकून केलेला पांदण रस्ता दोन पावसाळ्यांत गडप होतो. खाली दगडाचा थर आणि दोन्ही बाजूंना पाणी काढणाऱ्या नाल्या नसतील, तर त्या रस्त्यावरचा पैसा मातीत गेला म्हणून समजा.

पूर्णा मागे टाकून सातपुड्याकडे सरकलो की जमीन बदलते. डोंगरातून वाहून आलेला गाळ, गोटे, गोड्या पाण्याच्या विहिरी. अकोट-अंजनगावकडे संत्र्याच्या बागा दिसतील, पानमळे दिसतील, पिंपळीचे वेल दिसतील. एका दिवसाच्या सायकलीत खारे पाणी आणि गोडे पाणी, कोरडवाहू आणि बागायत, दोन्ही पाहायला मिळतात. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांचे हिशेब वेगळे का, हे तिथे पायाखाली कळते.

अडगावला थांबायचे. 29 नोव्हेंबर 1803 ला इथे लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूला आर्थर वेलस्ली होता. पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती तो हाच. या बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ. भोसल्यांचा मोड झाला. इतिहासात सेनापतींची नावे आहेत, तोफा किती पडल्या याचा हिशेब आहे. नोव्हेंबरअखेरचे दिवस म्हणजे ज्वारी उभी आणि कापूस फुटलेला. ज्याच्या वावरातून ती फौज गेली, त्याचे नाव कुठे नाही.

नरनाळ्याच्या पायथ्याला शहानूर गाव आहे. गड आता राखीव जंगलात येतो, म्हणून सायकली खाली ठेवायच्या, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि मग वर जायचे. महाकाळी दरवाजा जरूर पाहा. त्यावर 1487 सालचा शिलालेख आहे. कोरीव काम पाहून मान वर होते. पण आम्ही म्हणू, त्याहून जास्त वेळ गडावरच्या तलावांपाशी आणि टाक्यांपाशी घालवा. डोंगरमाथ्यावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचा थेंब अडवून फौजेला वर्षभर पाणी पुरवायचे ज्ञान पाचशे वर्षांपूर्वी होते. ते गडावर वापरले गेले, खालच्या वावरांच्या वाट्याला आले नाही.

पुढे अंजनगाव सुर्जी. शाळेच्या पुस्तकात सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून जो वाचला, तो इथला. 30 डिसेंबर 1803 चा, शिंद्यांशी झालेला. त्याआधी 17 डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव याच अंजनगाव तालुक्यात आहे. ज्यांनी गड बांधले त्यांच्यासाठी वाट वाकडी करता, तर ज्याने खराटा हाती घेतला त्याच्यासाठीही करा.

पुढची गोष्ट नीट ऐका. 1853 साली निजामाकडे इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाची बाकी राहिली, म्हणून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले गेले. 1902 साली लॉर्ड कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचे घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर वऱ्हाड आधी गहाण पडले, मग ठोक्याने गेले. कर्ज काढले एकाने, वसुली झाली काळीतून. मधल्या काळात, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. 1867 साली आगगाडी नागपूरला पोचली, 1870 साली खामगावला फाटा गेला. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरला लहान गाडी आली. तीच आपली शकुंतला. रूळ अंजनगाववरून जातात. गाडी बंद पडली आहे. त्या रुळांच्या कडेने जाताना एवढे लक्षात ठेवा की, कापूस बाहेर न्यायचा होता तेव्हा वाट कुणालाही मागावी लागली नाही.

गाविलगडाचेही तेच. किल्ला 1425 च्या सुमारास अहमदशहा बहमनीने बांधला. डिसेंबर 1803 मध्ये कर्नल स्टिव्हन्सनच्या पलटणींनी जड तोफा डोंगरातून तीसेक मैल हाताने ओढत नेल्या. वाटही त्यांनीच चार-पाच दिवसांत फोडली. 15 डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. तोफेसाठी डोंगरात पाच दिवसांत वाट होते. आमच्या बैलगाडीसाठी, सपाट रानात, स्वातंत्र्याला 75 वर्षे उलटून गेली तरी ती होत नाही. रस्ता होतो की नाही हे जमिनीवर ठरत नाही, तो कुणाला हवा आहे यावर ठरते.

या वाटेवर शांतता फार आहे. शहरातल्या माणसाला ती गोड वाटेल. आपण ती दुसऱ्या डोळ्यांनी पाहायची. रस्ता शांत आहे, कारण तरुण पुण्या-सुरतेला गेले. रस्ता शांत आहे, कारण एसटी दिवसातून एकदा येते. गावोगावच्या ढासळलेल्या गढ्या बघा. काळीतून निघालेले धान्य शतकानुशतके पांढरीतल्या त्या गढीत गेले. गढी पडली, तेव्हा तिची माती आपल्या आजोबांनी बैलगाड्या भरभरून खत म्हणून वावरात आणून टाकली. तिच्यात राख, शेण, चुना मुरलेला असतो, त्यामुळे पीक जोमाने येते. लेव्ही घेऊन नेलेले परत मिळाल्याचे आपल्या इतिहासातले हे एवढे एकच उदाहरण.

काही जण म्हणतील, पर्यटन वाढवा, शेतकऱ्याचे भले होईल. आम्ही स्पष्ट सांगतो, सायकलवाल्याला भाकरी-ठेचा विकून कापसातला तोटा भरून निघत नाही. पण कुणी येऊन आपल्या अंगणात झोपला, जेवला आणि पैसे देऊन गेला, तर ते पैसे घ्यायला लाजायचे कारण नाही. आदरातिथ्य फुकटच असले पाहिजे, हा नियम गरिबाला परवडणारा नाही. आपण एवढेच मागू की, चूल मांडायला आणि खाट टाकायला दहा दाखले मागू नका.

थोडे तयारीचे. साधी काळी सायकल चालेल. गिअर लागत नाहीत. पंप आणि पंक्चरचे सामान बरोबर घ्या. बाभळीचा काटा कुणालाच सोडत नाही. सूर्य उगवायच्या आत निघा, अकराच्या आत सावली गाठा. हमरस्ता टाळा, ट्रक कुणाची जात-संघटना पाहत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट मोठा आहे, माथा सुमारे 1,100 मीटरवर आहे. चढताना सायकल ढकलायची लाज नको, पण उतरण्याआधी ब्रेक तपासा. मुक्काम शाळेत, देवळात किंवा कार्यकर्त्याच्या घरी.

प्रत्येक तुकडीने एक वही ठेवावी. गावाचे नाव, वावरात जाणाऱ्या पांदण किती, त्यातल्या पावसाळ्यात चालू किती, अतिक्रमणात किती, कापूस बाजारात न्यायला क्विंटलमागे भाडे किती पडते, एसटी किती वेळा येते. किल्ला पाहिला तर त्याचेही दोन शब्द लिहा. वही पुढच्या जिल्हा बैठकीत मांडायची. मंत्र्याला निवेदन देताना 'रस्ते खराब आहेत' असे म्हटले की तो 'पाहू' म्हणतो. अमुक गावच्या सात पांदणींपैकी पाच बंद आहेत, असे म्हटले की त्याला कागद शोधावा लागतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपल्या तालुकाप्रमुखाकडे नावे द्यावीत. मुलींच्या तुकड्याही निघाव्यात, अशी आमची इच्छा आहे. आता कापसाच्या भावाच्या ठरावाकडे वळू.