मुक्या जिवांसाठी धावताना

(अकोले येथे आपत्ती-साहाय्य स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या वर्गासाठी मला बोलावणे आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कलाशाखेचा पदवीधर. जनावरांचा डॉक्टर नाही, पट्टीचा पोहणाराही नाही. आपत्ती ओसरल्यावर वही-पेन घेऊन हजर होणारा जो मनुष्यप्राणी, त्याला पत्रकार म्हणतात. परंतु तीस वर्षे या जिल्ह्यात हिंडताना काठावर उभे राहून जे पाहिले, ते पाण्यात उतरणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे संयोजकांचे म्हणणे पडले. म्हणून आलो.

अकोले तालुका हा आपत्तींच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत आभाळ फाटावे असा पाऊस, आणि पूर्वेकडे उतरत यावे तसा तो विरळ होत जातो. वर प्रवरा आणि मुळा दुथडी भरून वाहत असताना खाली एखाद्या वाडीवर टँकरची वाट पाहिली जाते. त्यामुळे येथील स्वयंसेवकाला पुराचेही शिक्षण हवे आणि कोरड्या विहिरीचेही. आणखी एक गोष्ट मला नेहमी मोलाची वाटते. दिवाळीच्या तोंडावर सर्व महाराष्ट्र वसुबारस साजरी करतो, गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी आपल्या आदिवासी वाड्यापाड्यांवर वाघबारस असते; शेंदूर लावलेल्या वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. गाय आणि तिला खाणारा वाघ, दोघांचा मान एकाच दिवशी! हा मान ठेवणाऱ्या लोकांना प्राण्यांना का वाचवावे, हे मी सांगण्याचे कारण नाही. मला बोलायचे आहे ते कसे वाचवावे आणि कोणी कोठे थांबावे, याविषयी.

तरीही एक शंका सभेसभेतून विचारली जाते. माणसे बुडत असताना गुरांच्या मागे कशाला धावायचे? या शंकेला भावनेने उत्तर देण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील असंख्य कुटुंबे घरात पाणी शिरेपर्यंत गाव सोडायला तयार नव्हती. कारण गोठ्यात बांधलेली जनावरे! नावेत म्हैस बसत नाही आणि म्हशीला सोडून मालक बसत नाही. शेवटी बाहेर पडायचे ते घाईत, वेळ टळून गेल्यावर, आणि मिळेल त्या नावेत दाटीवाटीने. ब्रह्मनाळची नाव ८ ऑगस्टला उलटली, तो प्रसंग आपण विसरलेले नाही. गावे वेळेवर रिकामी होणे किती मोलाचे असते, ते अशा वेळी कळते.

हे केवळ आपल्या शेतकऱ्याचे भाबडेपण आहे, असेही कोणी समजू नये. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळ आले, तेव्हा सुखवस्तू, सुशिक्षित माणसांनीही कुत्र्या-मांजरांना सोडून जाण्यास नकार दिला. कित्येक जण त्यापायी अडकले. पुढच्याच वर्षी त्या देशाने कायदा करून आपत्ती-नियोजनात पाळीव प्राण्यांचा विचार बंधनकारक केला. तात्पर्य, गोठा आधी रिकामा झाला तर घर आपोआप रिकामे होते. गुरांची सुटका हे माणसांच्या सुटकेचेच पहिले पाऊल आहे.

आणि ते पाऊल पाणी चढण्यापूर्वी टाकायचे असते. घटसर्प आणि फऱ्याच्या लशी पावसाळ्यापूर्वी टोचून झाल्या आहेत ना, कानातला बारा अंकी बिल्ला शाबूत आहे ना, उंचावरची जागा आणि कोरडी वैरण ठरली आहे ना, ही सारी कामे मे महिन्यातली. पाणी चढू लागले आणि गुरे हलवणे शक्यच नसेल, तर निदान दावी सोडा. पुरात मेलेल्या जनावरांपैकी कितीतरी दाव्याला बांधलेल्या स्थितीत सापडतात. म्हैस पोहते, गायही पोहते. खुंटा पोहू देत नाही. वासरू पुढे नेले की आई मागून येते, एवढे गुराख्याचे शहाणपण शंभर दोऱ्यांच्या तोडीचे आहे. दोर गळ्यात अडकवून ओढू नका. मोरकी घाला, आणि उचलायचेच झाले तर पोटाखालून रुंद पट्टा घ्या. सुटका झाल्यावर दयेपोटी उपाशी गाईपुढे पाटीभर दाणा ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. पोट फुगून ती गाय पुरातून वाचून दारात मरते. आधी पाणी, मग थोडी थोडी वैरण. पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा संसर्ग होतो. मेलेले जनावर पाण्याच्या जागेपासून दूर, खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा. बाकीचे डॉक्टरसाहेब दुपारच्या सत्रात सांगणार आहेतच.

एका आपत्तीकडे मात्र आपले सर्वांचेच दुर्लक्ष होते. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे-नगर भागात अवकाळी पाऊस आणि त्यासोबत बोचरी थंडी आली. पूर नाही, दरड नाही. सकाळी माळावर पाहावे तो मेंढ्या जागच्या जागी गारठून मेलेल्या. धनगराचा वाडा उघड्यावर असतो, लोकर भिजली की मेंढीला स्वतःचे ओझे पेलत नाही. त्या रात्री गावातल्या एखाद्या मंगल कार्यालयाचे किंवा शाळेच्या पडवीचे दार उघडले असते, तर एक संसार वाचला असता. आपल्या हद्दीत कोणाचा वाडा कोठे उतरला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? या कामाला साहस लागत नाही. म्हणूनच बहुधा ते कोणी करत नाही.

आता ज्या घटनेसाठी मी मुख्यतः उभा राहिलो, तिच्याकडे येतो.

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. आपल्याच जिल्ह्यातील (त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) नेवासा तालुक्यात वाकडी नावाचे गाव आहे. तेथे एक जुनी विहीर शेणाच्या रबडीसाठी, गोबरगॅसचा खड्डा म्हणून वापरात होती. तीत एक मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा उतरला. मग तिसरा. असे करता करता सहा जण उतरले आणि पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतले.

मित्रांनो, मी मुद्दामच त्यांची नावे घेत नाही. त्यांच्या घरची माणसे आपल्यासारखीच आहेत आणि त्यांच्या दुःखाचा आपण धडा करावा, हे बोलतानाही मला अवघड वाटते. वर्तमानपत्रांतून तेव्हा काही जणांनी ‘एका मांजरापायी’ असे लिहिले. मला तो शब्द आवडला नाही. मांजरापायी उतरला तो पहिला, आणि त्यात त्याचे चांगुलपण होते. पुढचे सारे माणसासाठी उतरले. कोणताही भाऊ, कोणताही शेजारी उतरलाच असता. चूक हृदयाची नव्हती. साचलेल्या शेणातून निघणारा वायू दिसत नाही, आणि दोन श्वासांत माणूस हातपाय हलवण्याच्या पलीकडे जातो, हे त्या क्षणी आठवत नाही, एवढेच. आपण येथे वर्ग घेतो तो त्या क्षणासाठी. खोल खड्डा, वापरात नसलेली विहीर, गोबरगॅसची टाकी, मळीचा हौद; यांत प्राणी पडला तर खाली कोणी उतरायचे नाही. आधी अग्निशमन दलाला फोन. वरून गळ, टोपली, जाळे टाकून जे निघेल ते काढायचे. हवा भरलेले नळकांडे पाठीवर असल्याखेरीज उतरायचे नाही, आणि उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर वर किमान तिघांच्या हातात हवा. आणि पहिला आत कोसळला, तर दुसऱ्याला मिठी मारून मागे ओढणारा एक जण प्रत्येक तुकडीत आधीच नेमून ठेवायचा. त्याला लोक त्या दिवशी निर्दय म्हणतील. म्हणू द्या.

विहिरीवरून बिबट्याकडे यावे लागते, अकोल्यात तर यावेच लागते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, अभयारण्य नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांची वस्ती. आणि तेथे शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे, जवळपास तेवढेच तरस! आपल्या उसात राहतात, कुत्र्यांवर गुजराण करतात आणि आपल्याला बहुधा दिसतही नाहीत. रात्री कुत्र्यामागे धावताना कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, तेव्हा दिसतात.

अशा वेळी आपले काम काय? बिबट्या काढणे हे नव्हे. ते वनखात्याचे काम. कायद्यानेही आणि शहाणपणानेही. १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाणी खोल असेल तर खाते येईपर्यंत दोरांनी बाज सोडावी, म्हणजे दमलेला प्राणी तीवर टेकतो. पाण्यात असताना त्याला गुंगीचे इंजेक्शन द्या, असा आग्रह वरून धरू नये. गुंगी आली की तो बुडतो. आणि आपले खरे काम, जे खात्याच्या चार माणसांना कधीच जमत नाही, ते म्हणजे गर्दी हटवणे. पंचक्रोशीतली माणसे लोटतात, पोरे काठावर लोंबकळतात. काठ मोकळा झाला, अंधार पडला आणि शिडी सोडली, तर बिबट्या पुष्कळदा आपला आपण चढून निघून जातो.

हे मला कसे ठाऊक? सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका विहिरीवर मी बातमीसाठी गेलो होतो. गाव सांगत नाही. पोलिसांनी मोठ्या कष्टाने गर्दी पांगवली होती. मी पत्रकार, म्हणून मला बांधावर थांबू दिले. नऊच्या सुमारास शिडी हलली. मादी होती. निम्मी शिडी चढून आली, आणि मी कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला. ती उलटी पाण्यात गेली. पुन्हा रात्रभर शिडीकडे फिरकली नाही. उजाडल्यावर गर्दी परतली. दुपारी पिंजरा सोडून तिला वर काढले, तेव्हा गजांवर धडका देऊन तिचे दोन सुळे तुटले होते. सुळे नसलेला बिबट्या शिकार काय करणार? ती पुन्हा मोकळी झाली नाही. माझे छायाचित्र मात्र पहिल्या पानावर छापून आले, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्यामुळे तुकडीच्या नियमांत हा नियम पहिला घाला, अशी माझी विनंती आहे.

ऊसतोडीत सापडणाऱ्या पिलांचेही तसेच. पिले दिसली की कनवाळू माणसे उचलून घरी आणतात, दूध पाजतात, पोरांच्या मांडीवर देऊन फोटो काढतात. आई दूर गेलेली नसते, ती शेजारच्या फडात असते. वनखात्याचे लोक पिले तपासून त्याच जागी, खोक्यात किंवा टोपलीत, सायंकाळी ठेवतात आणि दूर कॅमेरा लावतात. रात्री आई येते आणि एकेक पिलू मानेला धरून नेते. आपण त्या रात्री त्या शेतात कोणाला जाऊ द्यायचे नाही. तोड दोन दिवस थांबवण्यासाठी शेतकऱ्याची, मुकादमाची समजूत घालायची. पिले हरवलेली मादी किती चवताळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा माणसांच्याही बचावाचा मार्ग का आहे, ते सांगावे लागत नाही.

आणि पकडलेला बिबट्या लांब नेऊन सोडा, ही मागणी तरी आपण करू नये. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात तसे मोठ्या प्रमाणावर केले गेले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, घराकडे निघतो. २००९ मध्ये आपल्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेला एक शांत, वयस्क बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. तो घाट उतरला, महामार्ग ओलांडले, लोहमार्ग ओलांडला आणि सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. एवढ्या वाटेवर त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. अभ्यासकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले होते. पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाने त्याला चिरडले.

टाकळीच्या त्या विहिरीला कठडा असता, तर हा प्रवास घडलाच नसता. आपल्या तालुक्यात कठडा नसलेल्या विहिरी किती, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. चहानंतरच्या बैठकीत गावनिहाय ती मोजणी वाटून घ्यायची आहे. वह्या मी आणल्या आहेत. राजूर आणि कोतूळ बाजूच्या कार्यकर्त्यांनी कृपया आधी येऊन न्याव्यात, त्यांना परतीची गाडी गाठायची आहे.