एट्रुस्की : परक्यांनीं ठेवलेलें नांव

इटलीच्या नकाशांत टस्कनी नांवाचा प्रांत आहे आणि त्याच्या पश्चिमेस टिऱ्हेनियन समुद्र. दोन्ही नांवें एकाच प्राचीन लोकांवरून पडलीं. परंतु त्या लोकांनीं स्वतःस यांपैकीं एकहि नांव घेतलें नव्हतें. रोमन लोक लॅटिनमध्यें त्यांस एट्रुस्की किंवा टुस्की म्हणत, ग्रीक टिऱ्हेनोई म्हणत. ते स्वतःस ‘रासेन्ना’ म्हणवितात, असें डायोनिसियस हा ग्रीक इतिहासकार नमूद करतो. जगानें मात्र रोमनांचाच शब्द उचलला.

श्रोतेहो, परक्यांस आपल्या सोयीचें नांव देण्याची खोड एकट्या रोमची नव्हे. आयोनियांतील ग्रीकांवरून भारतीयांनीं साऱ्या ग्रीकांस ‘यवन’ म्हटलें. कार्ल्याच्या लेण्यांतील दात्यांच्या लेखांत तो शब्द आजहि वाचावयास मिळतो. पण ग्रीकांचे ग्रंथ उरले, त्यामुळें ते आपल्याच तोंडून आपली ओळख सांगूं शकतात. एट्रुस्कांचे तसें नाहीं. इ. स. पूर्व ३९६ मध्यें त्यांचें वेई शहर रोमनें जिंकलें, मग एकेक नगर गेलें, शेवटीं भाषाहि गेली. क्लॉडियस बादशहानें त्यांचा इतिहास २० भागांत लिहिला होता. तोहि नष्ट झाला. ज्यांच्याकडून रोमनें अक्षरें घेतलीं, त्यांची ही गति!

उरले ते मुख्यतः थडग्यांवरील लेख, आणि एक विलक्षण वस्त्र. १८४८ च्या सुमारास अलेक्झांड्रियांत एका क्रोएशियन गृहस्थानें ममी विकत घेतली. तिच्याभोंवतीं गुंडाळलेल्या पट्ट्यांवर लेखन होतें. तें एट्रुस्कन असल्याचें १८९२ मध्यें याकोब क्राल या पंडितानें ओळखलें. कापडावर लिहिलेला एक धार्मिक ग्रंथ फाडून कोणीतरी त्या पट्ट्या केल्या होत्या! झाग्रेबच्या संग्रहालयांत त्या आहेत. सुमारें १२०० शब्द वाचतां येतात. लिपि ग्रीकांवरून घेतलेली, म्हणून वाचन अवघड नाहीं. अडतो तो अर्थ. लॅटिन ‘पातेर’ आणि संस्कृत ‘पितृ’ हीं भावंडें. एट्रुस्कन भाषेंत बापास ‘आपा’ म्हणत. मराठी कानास हा शब्द घरचा वाटेल, पण तो निव्वळ योगायोग. ती भाषा या कुळांतलीच नव्हे.

थडग्यांवरचे लेख त्यामानानें कळतात, कारण त्यांत बहुधा नांवेंच असतात. रोमन मुलगी सहसा कुळाच्याच नांवानें ओळखली जाई. जुलियस कुळांतल्या साऱ्या मुली जुलिया. एट्रुस्कन स्त्रीला स्वतःचें नांव असे, आणि मुलाच्या लेखांत बापाबरोबर पुष्कळदां आईचेंहि नांव कोरीत. रामथा, थाना, वेलिया, लार्थिया : दगडावर हीं नांवें अजून स्पष्ट आहेत.